बिलिंग ॲप कामाला चांगलं, पण त्यातलं मराठी एकदा कुणीतरी वाचून बघा की

बेळगावच्या रविवार पेठेतल्या काही होलसेल दुकानांचे हिशेब मी बघते, किराणा, प्लास्टिक, थोडं हार्डवेअर. सध्या यातल्या बऱ्याच दुकानांत एकच बिलिंग ॲप चालतं, मोबाईलवर बिल करायचं, ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर छापायचं, उधारी मांडून ठेवायची, महिनाअखेरीला जीएसटीसाठी एक्सेल काढायचं. ॲपचं नाव लिहीत नाही, कुणाची बदनामी करायची नाही मला, आणि तसली बाकीची ॲपही उघडून बघितली तर मराठीच्या बाबतीत फार फरक दिसला नाही. माझे पाचपैकी तीन स्टार. कामासाठी पाच दिले असते, दोन मराठीमुळं कापले.

चांगलं आधी सांगते. नेट गेलं तरी बिल निघतं, आणि बेळगावच्या पावसात ही लहान गोष्ट नाही. गिऱ्हाईकाचं नाव टाकलं की मागची बाकी समोर येते, बिल व्हॉट्सॲपवर जातं, माल संपत आला की ती ओळ लाल होते. जन्मभर कीर्द-खतावणी हातानं लिहिलेल्या माणसालाही पटकन जमतं.

आता मराठी. आमच्याकडं दुकानाची पाटी कन्नडमधे, गिऱ्हाईक कन्नड मराठी उर्दू जे येईल ते बोलतं, मालक तिन्हीत उत्तर देतो, पण पन्नाशी-साठीतले कितीतरी मालक मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळं चोपडी मराठीत. पोरं इंग्लिश मीडियमची, ती ॲप इंग्रजीतच ठेवतात. म्हणजे सेटिंगमधे जाऊन मराठी निवडणारा जो माणूस आहे तो हौस म्हणून निवडत नाही, त्याला भराभर वाचता येते ती भाषा तीच आहे, आणि स्क्रीनवर जे लिहिलंय ते वाचून तो माल सोडतो किंवा अडवतो. हे ॲप बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलेलंच दिसत नाही.

सगळ्यात गंभीर चूक पेमेंटच्या मेसेजमधे आहे. बिलावर क्यूआर येतो, गिऱ्हाईकानं स्कॅन करून पैसे भरले की मालकाच्या मोबाईलवर मेसेज. पैसे आले तर 'व्यवहार यशस्वी'. पैसे अडकले तर यायला पाहिजे 'व्यवहार अयशस्वी', येतं काय, तर 'व्यवहार यशस्वि'. पहिला अ गळालाय आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व झालीय. म्हणजे पैसे आलेत का नाहीत हे कळायचं कशावरून, तर एका वेलांटीवरून आणि मेसेजच्या रंगावरून, आणि दुपारच्या उन्हात दारात उभं राहून टेम्पो भरून घेणाऱ्या माणसाला मोबाईलवर रंग कुठला दिसतोय. प्लास्टिकच्या दुकानातल्या काकांनी असाच मेसेज वाचून ड्रम आणि बादल्यांचा माल सोडला, संध्याकाळी बँकेचं आणि ॲपचं जुळेना तेव्हा मला बोलावलं, "ताई, हे बघा, यशस्वी म्हणायलंय, मग पैसे कुठं गेले?" गिऱ्हाईक ओळखीचं होतं म्हणून पैसे आले. अनोळखी असतं तर काय करायचं होतं त्यांनी?

दुसरी चूक सीमेवरच्या दुकानांना जास्त बाधते. आमच्याकडचा माल महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजकडं रोज जातो. कर्नाटकातल्या कर्नाटकात विकला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन भाग लागतात, टेम्पोनं माल चंदगडला पोचवून दिला तर ते दुसरं राज्य, मग आयजीएसटी हा एकच कर. गिऱ्हाईकाचा जीएसटी नंबर असेल तर पहिल्या दोन आकड्यांवरून कळतं, कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. पण खेडेगावातल्या लहान दुकानदाराकडं नंबर नसतो, तिथं बिल करणाऱ्यानं हातानं निवडायचं. आणि निवडायला दोन पर्याय कसे दिलेत बघा, 'अंतरराज्य विक्री' आणि 'आंतराज्य विक्री'. यातलं कुठलं आतलं आणि कुठलं बाहेरचं? मी हिशेबाचं काम करते तरी मला इंग्रजी करून बघावं लागलं. पहिलं म्हणे राज्यांतर्गत होतं, दुसरं आंतरराज्य, म्हणजे राज्याबाहेरचं. सरळ 'कर्नाटकात' आणि 'कर्नाटकाबाहेर' असं लिहिलं असतं तर शाळकरी पोरानंही बिल केलं असतं. इथं चूक झाली की कर चुकीच्या खात्यात जातो, मग बरोबर खात्यात परत भरायचा आणि आधी भरलेल्याचा परतावा मागत बसायचं, तोवर दुकानदाराचे पैसे अडकून. आणि जीएसटीच्या नोटिशीला 'ॲपमधे स्पेलिंग चुकलं होतं' हे काय उत्तर होत नाही.

बाकीच्या चुका बारीक, पण त्यांचा ढीग आहे. पावति, उधारि, थकबाकि, यादि. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, हा तर मराठी शाळेत सगळ्यात आधी शिकवतात तो नियम, १९६२ ला जे चौदा नियम ठरले आणि १९७२ ला त्यात चार घातले त्यातलाच. जिथं ऱ्हस्व लिहायची त्या मोजक्या शब्दांत 'आणि' येतो, तो मात्र ॲपमधे सगळीकडं 'आणी'. शिवाय ळ चा पत्ता नाही. 'वेल निवडा', 'पैसे मिलाले'. हे हिंदीवरून ओढून आणलंय हे उघड दिसतं.

आता मी इथं जे लिहितेय ते काय पुस्तकी मराठी नाही, आणि ॲपनंही पुस्तकी लिहावं असं माझं म्हणणं अजिबात नाही. 'बिल झालं', 'पैसे आले नाहीत' असं बोलतो तसं लिहिलं तर उलट चांगलं. बेळगावचं मराठी पुण्यासारखं नाही, कन्नडची लकब आहे त्यात, ती चूक नव्हे. चूक म्हणजे जे वाचून माणूस थबकतो किंवा उलटा अर्थ घेतो ते.

बिल कॅन्सल करताना विचारतं 'हे बील रद्द करायचे?' आणि खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'ठिक आहे'. आता कुठलं दाबलं की बिल राहतं? किराणा दुकानातली पोरं मोबाईल आपटायच्या बेतात येतात इथं.

'पावती सेव्ह झाला', 'ग्राहक सेव्ह झाली', 'बिल डिलीट केला' हा वेगळाच प्रकार आहे आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रोग्राम लिहिणारे एकच वाक्य बनवून मधे मोकळी जागा ठेवतात आणि त्या जागेत पावती, ग्राहक, बिल जे असेल ते नाव बसवतात. इंग्रजीत ते चालून जातं कारण तिथं क्रियापद नावाप्रमाणं बदलत नाही. मराठीत तो ग्राहक, ती पावती, ते बिल, तिन्हीला क्रियापद वेगळं, मग वाक्य मोडणारच. भाषांतर करणाऱ्याला बहुतेक नुसती तुटक वाक्यांची यादी दिलेली असते, मोकळ्या जागेत काय येणार आहे हे त्याला दिसतच नाही, त्यामुळं सगळा दोष त्याचा असं मी म्हणणार नाही. उपाय साधा आहे, प्रत्येक नावाला पूर्ण वाक्य वेगळं लिहायचं. काम वाढेल, पण एकदाच वाढेल.

छापील बिलाचं तर काय सांगू. दोन इंची बऱ्याच थर्मल प्रिंटरना मराठी अक्षरं स्वतः नीट जुळवता येत नाहीत, ॲपनं अक्षरं नीट जुळवून बिलाचं चित्र करून पाठवलं तरच बरोबर छापतं. या ॲपमधे दुकानाचं नाव चित्र करून जातं, ते सुंदर येतं, मालाची नावं मात्र तशीच जातात. मग 'पिशवी' ची वेलांटी प च्या पुढं जाऊन बसते आणि 'पशिवी' असं छापतं, जोडाक्षराचे पाय मोडतात, आणि 'दुसऱ्या', 'व्यापाऱ्याला' यातला ऱ सरळ रफार होऊन 'दुसर्या' होतो. या ऱ ला युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, स्वतःची वेगळी जागा दिलेली आहे. पूर्वीपासून बरेच जण साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहायचे, ते न दिसणारं चिन्ह सॉफ्टवेअरनं फालतू समजून पुसलं की असा रफार होतो. म्हणजे इथं लिहिणाऱ्याचं बरोबर असूनही बिलावर चूक येते, आणि ते बिल दुकानाच्या नावानं गिऱ्हाईकाच्या घरी जातं. ॲपच्या कंपनीचं नाव कोण वाचतंय, लोक म्हणतात दुकानदाराला लिहायला येत नाही.

कुणी म्हणेल सॉफ्टवेअरमधे इंग्रजीच्या पण चुका असतात. असतात की. वेबसाईटला तुम्ही कुठल्या पानावरून आलात हे ब्राउझर ज्या नावाखाली सांगतो तो 'रेफरर' शब्दच चुकीचा आहे, इंग्रजीत मधे दोन आर लागतात, तिथं एकच लिहिला गेला, वेबचे नियम लिहिलेल्या १९९६ च्या कागदात तसाच छापला आणि आजपर्यंत तसाच चालतोय. पण तो मशीननं मशीनला सांगायचा शब्द आहे, आता बदलला तर जगभरातल्या वेबसाईट अडखळतील म्हणून ठेवलाय, ते पटतं. 'यशस्वि' बदलल्यानं काय अडखळणार आहे? तो फक्त माणसानं वाचायचा मजकूर आहे, पुढच्या अपडेटमधे नीट करता येतो. म्हणून मला इथं सबब मान्य नाही.

कंपनीला मी स्क्रीनशॉटसकट लिहिलं. उत्तर इंग्रजीत आलं, आभार मानले, टीमला कळवतो म्हणाले. नंतरच्या अपडेटमधे 'रक्क्म' चं 'रक्कम' झालेलं दिसलं आणि मला खरंच बरं वाटलं, म्हणजे वाचणारं कुणीतरी आहे तिथं. मग पेमेंटचा आणि राज्याचा मेसेज आधी का नाही धरला? दिसायला चुकीचं काय आहे यापेक्षा पैशाचा घोळ कुठं होतो ते आधी बघा ना. फायरफॉक्सचं मराठी स्वयंसेवक लोक करतात, त्यांच्या पोंटून नावाच्या साईटवर कुणीही जाऊन 'हे असं पाहिजे' म्हणून सुचवू शकतो, तसलं एक बटण या ॲपमधे मेसेजच्या शेजारी दिलं तर रविवार पेठेतले दुकानदार फुकटात सगळं दुरुस्त करून देतील. मी तर देईनच.

तोवर जे मराठीतून वापरताहेत त्यांच्यासाठी. पेमेंटचा मेसेज आला तरी बँकेचा एसएमएस किंवा साउंडबॉक्सचा (पैसे आले की बोलून सांगणारा डबा) आवाज आल्याशिवाय माल सोडू नका. चंदगडकडच्या बिलात यादीतला दुसरा पर्याय निवडा आणि छापायच्या आधी खाली आयजीएसटी लिहून आलंय का बघा. बिल ठेवायचं असेल तर दोन्ही बटणं सोडून मोबाईलचं मागं जायचं बटण दाबा, बिल जागेवर राहतं. मालाची नावं प्रिंटरवर फुटत असतील तर सेटिंगमधे प्रिंटच्या पानावर 'ईमेज मोड' आहे (इथंही ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय), तो चालू करा, छपाई थोडी हळू होते पण पिशवी पिशवीच येते.