थंडरबर्ड बरेच महिने वापरल्यावर: मेल येतो पण जात नाही, तेव्हा काय बघायचं

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम रोज वापरतोय, दोन-तीन अकाउंट एकाच ठिकाणी, फुकट आहे, जाहिराती नाहीत, हे सगळं सगळ्यांना माहितीये. मी फक्त मेल पाठवण्याबद्दल लिहितो, कारण डोकं खाल्लं ते तिथेच, आणि बहुतेक वेळा दोष प्रोग्रामचा नव्हताच.

मेल येतो आयमॅप या पद्धतीने आणि जातो एसएमटीपी या पद्धतीने. सर्व्हर वेगळा, पोर्ट (सर्व्हरला ज्या नंबरवर जोडायचं तो) वेगळा, सेव्ह केलेला पासवर्डसुद्धा वेगळा. त्यामुळे "मेल येतायत ना, मग पासवर्ड बरोबरच असणार" या बोलण्याला काही अर्थ नाही. पासवर्ड बदलल्यावर पाठवणं अडलं तर सेटिंग्जमध्ये सेव्ह्ड पासवर्ड्स उघडा, तिथे त्याच अकाउंटच्या दोन ओळी दिसतील, त्यातली एसएमटीपीवाली उडवा, पुढचा मेल पाठवताना तो नवीन पासवर्ड विचारतो.

एररचा बॉक्स आला की लांबलचक मजकूर सोडा आणि आधी आकडा शोधा. ५३५ म्हणजे लॉगिनच नाकारलंय. ५५२ म्हणजे बहुतेक वेळा साइज जास्त. ४ ने सुरू होणारा आकडा असेल तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने परत पाठवा, पण ५ ने सुरू होत असेल तर तोच मेल तसाच दहा वेळा पाठवून काहीही होणार नाही.

आकडा न येता नुसता टाइमआउट (सर्व्हरकडून वेळेत उत्तरच नाही) आला तर पोर्ट बघायचं. माझं एक जुनं अकाउंट २५ वर होतं आणि इंटरनेटवाल्याने ते पोर्ट बंद केलेलं, स्पॅम थांबवायला बरेच जण करतात, आणि तसंही २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधल्या कामासाठी आहे. आपल्यासाठी ५८७ ला स्टार्टटीएलएस किंवा ४६५ ला एसएसएल/टीएलएस (दोन्ही कनेक्शन सुरक्षित करायच्या पद्धती). जोडी उलटी लागली, म्हणजे ४६५ ला स्टार्टटीएलएस, तर एरर पण धड येत नाही, तो फिरतच बसतो!

अकाउंट जास्त असतील तर अजून एक भानगड. आउटगोइंग सर्व्हरची यादी अकाउंट सेटिंग्जमध्ये वेगळी असते, आणि एका अकाउंटला दुसऱ्याचा सर्व्हर लागलेला असला की काही सर्व्हर "हा पत्ता तुमचा नाही" म्हणून मेल नाकारतात. प्रत्येक अकाउंटला कुठला सर्व्हर लावलाय ते एकदा बघून घ्याच.

अटॅचमेंटचं गणित वेगळंच. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण पाठवताना फाइल एन्कोड होते आणि साधारण एक तृतीयांशने फुगते, म्हणजे डिस्कवर २० एमबी दिसणारी फाइल जाताना २६-२७ होते. १८ च्या वर गेली की मी सरळ लिंक पाठवतो.

आणि सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे मेल सेंट फोल्डरमध्ये कॉपी होताना अडकतो. तेव्हा लोक घाबरून कॅन्सल करतात आणि परत पाठवतात. अरे, मेल गेलेला असतो! आधी एसएमटीपीने जातो, मग आयमॅपने त्याची कॉपी ठेवली जाते, अडकलीये ती फक्त कॉपी. परत पाठवला की समोरच्याला तोच मेल दोनदा. अशा वेळी कॉपीज अँड फोल्डर्समध्ये जाऊन सेंटसाठी योग्य फोल्डर निवडायचा. माझ्याकडे एवढं करूनही अधूनमधून अडकायचं, शेवटी अँटिव्हायरसचं मेल स्कॅनिंग बंद केलं तेव्हा थांबलं.