कंपनीने दिलेला फोन, घरच्या वापरालाही: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील आमच्या कंपनीने सेवा विभागातील सर्वांना अँड्रॉइड फोन दिले आणि खासगी वापरालाही लेखी मुभा दिली. सातपूर, सिन्नर, गोंदे अशा फेऱ्यांत दोन फोन सांभाळणे मला जड जात होते, म्हणून माझे स्वतःचे सिमही मी त्यातच घातले. आज माझे मत असे आहे की कामाचे आणि घरचे वेगळे ठेवण्याची यातील सोय फार चांगली आहे, मात्र फोन आपला नाही याचा तिच्यामुळे सहज विसर पडतो.

कामासाठी फोनमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ हा स्वतंत्र कप्पा असतो आणि त्यातील प्रत्येक ॲपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह दिसते. कंपनीच्या नंबरचे व्हॉट्सॲप त्या कप्प्यात आणि माझे बाहेर, अशी मी विभागणी केली. ग्राहकाच्या विजेच्या पॅनेलचा फोटो कामाच्या कॅमेऱ्याने काढला की तो कामाच्याच गॅलरीत जातो. पूर्वी भाचीच्या बारशाच्या फोटोंमध्ये जळालेल्या केबल आणि कॉन्टॅक्टर यांचे फोटो मिसळलेले असत, ते आता पूर्ण थांबले. अडचण एवढीच की कामाच्या मेलमधील पत्ता कॉपी करून घरच्या नकाशात टाकता येत नाही. आयटी विभागाकडून कामाच्या कप्प्यात वेगळा नकाशा मागून घ्यावा लागला आणि त्यात आठवडा गेला.

कंपनी आपले फोटो पाहते का, हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी सर्वांत जास्त विचारला. कंपनीच्या मालकीच्या फोनमध्ये असा कप्पा केलेला असेल, तर २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून खासगी बाजूची ॲप्स, संदेश आणि फोटो हे फोन सांभाळणाऱ्या आयटी विभागाला दिसत नाहीत. तरीही खासगी बाजूला कोणती ॲप्स चालणार नाहीत हे कंपनी ठरवू शकते आणि संपूर्ण फोनमधील माहिती दुरूनच पुसूही शकते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्यास वाव ठेवलेला आहे, त्यामुळे कंपनीचे धोरण मागून घेऊन नीट वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मी ते नीट वाचले नव्हते, आणि त्याची किंमत दिवाळीत कळली. सुट्टी लागताच मी कामाचा कप्पा बंद केला, आणि खरोखर तीन दिवस फोन केवळ माझा होता. चौथ्या दिवशी आईला घेऊन वणीच्या गडावर गेलो. दर्शन झाल्यावर पेढे आणि ओटीचे सामान घेतले, पैसे देण्यासाठी फोन काढला, तर पैशांचे ॲप, व्हॉट्सॲप, गॅलरी, सगळ्यांची चिन्हे करडी पडलेली. कामाची ॲप्स सुरू करा, अशी सूचना तेवढी दिसत होती. कप्पा किती काळ बंद ठेवता येईल याची मर्यादा कंपनी घालू शकते आणि ती ओलांडली की खासगी ॲप्स थांबतात. फोन करणे आणि एसएमएस मात्र चालू राहतात. आमच्याकडे ती मर्यादा तीन दिवसांची होती. कप्पा सुरू करताच ॲप्स परत आली, पण दुकानदारासमोर आईने पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले, ते मला फार लागले. सुट्टीनंतर मी मनुष्यबळ विभागाला लेखी विनंती केली आणि आता ती मर्यादा दहा दिवसांची झाली आहे.

बँक, यूपीआय आणि आधार यांना कंपनीचा नंबर कधीही जोडू नये. आमच्या एका सहकाऱ्याने तो जोडला होता. नोकरी सोडताना नंबर कंपनीच्या नावावर असल्याने सिम परत करावे लागले, आणि ओटीपी येणे बंद झाल्यावर त्याला बँकेच्या शाखेत चार वेळा जावे लागले. माझे फोटो दर रविवारी मी घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेतो, कारण फोन हरवला तर तो पुसण्याचा निर्णय माझा नसेल.

बॅटरी, आवाज, कॅमेरा याबाबत तक्रार नाही. दोन फोनांपेक्षा हा एकच फोन मी पुढेही वापरणार आहे.