नाताळचे प्रेमपट: हॉलमार्क की नेटफ्लिक्स?

अमेरिकेतल्या हॉलमार्क वाहिनीचा 'काउंटडाउन टू ख्रिसमस' हा नाताळच्या प्रेमपटांचा हंगामी कार्यक्रम २००९ पासून सुरू आहे. त्यातले चित्रपट साधारण एकाच साच्याचे: शहरातून गावी परतलेली नायिका, बंद पडायला आलेली बेकरी आणि अगदी शेवटी एक चुंबन. पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असतं, आणि मला तेच हवं असतं. जाहिरातींसाठी कथा तुकड्यांत बेतलेली असते, त्यामुळे मध्येच उठून चहा टाकला तरी धागा सुटत नाही.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये 'अ ख्रिसमस प्रिन्स' हा चित्रपट आणला. त्यातला राजवाडा म्हणजे रोमानियातला पेलेश किल्ला, आणि तो फार देखणा दिसतो. पण युवराजाचं प्रेम मला लांबचं वाटतं. पीठ मळता मळता जुळलेल्या प्रेमानेच माझे डोळे भरून येतात.