संजय गांधी निराधार योजना, लग्नाआधी आणि लग्नानंतर: पाचपैकी अडीच तारे

सरकारी योजनेला कोणी तारे देतं का, म्हणून नवरा हसला. लोक वडापावला देतात, मग मी बारा वर्षं जिच्या मागे चपला झिजवल्या तिला का नको?

माझा डावा पाय पोलिओचा, प्रमाणपत्रावर 52 टक्के. आईच्या रेशनकार्डावर होते तोवर या योजनेचे महिन्याला 600 रुपये यायचे. कधी तीन महिन्यांचे एकदम, पण यायचे.

2016 मध्ये लग्न झालं. नवरा धडधाकट, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणकडून दिव्यांग-अव्यंग विवाहाचे 50,000 मिळाले. त्यात 25,000 चं बचत प्रमाणपत्र, 20,000 रोख, 4,500 संसाराच्या सामानाला आणि 500 समारंभाला. (500 रुपयांत कोणाचा समारंभ होतो, देव जाणे.) लग्नाची नोंदणी आणि वर्षाच्या आत अर्ज, एवढं सांभाळलं की झालं. बचत प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर त्यातून पायाला आधार देणारं नवं कॅलिपर घेतलं. या योजनेला वेगळे साडेचार तारे.

आणि पुढच्याच पडताळणीत माझे 600 बंद! उत्पन्न माझं एकटीचं धरत नाहीत, कुटुंबाचं धरतात. नवरा मेडिकलमध्ये काउंटरवर, पगार 7,000. मर्यादा तेव्हा वर्षाला 21,000. म्हणजे एप्रिल, मे, जून झाले की आम्ही श्रीमंत. एका टेबलावर लग्न केलंस म्हणून पाठ थोपटली, दुसऱ्यावर लग्न केलंस म्हणून नाव कापलं. दिव्यांगांसाठी मर्यादा पुढे 50,000 झाली खरी, पण बाराने भागून बघा. महिन्याला 4,200 सुद्धा होत नाहीत. पाय मात्र लग्नाआधी होता तसाच आहे.

मेडिकल बंद पडलं, नवरा मिळेल तेव्हा हमालीला जाऊ लागला, तेव्हा मी पुन्हा अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला 48,000 चा निघाला. आता खरी गंमत. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, माहेरचं नाव, आधारवर सासरचं. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, "ह्या दोघी कोण?" तुमचंही असं असेल तर आधी यूडीआयडीवरचं नाव बदलून घ्या, विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. माझे दोन महिने यातच गेले.

बाहेर टपरीवर फॉर्म भरून देणारा एक जण बसतो. त्याने दाखला पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, काठावर आहे. नवरा नांदवत नाही असं लिहून द्या, परित्यक्तेत बसवतो." नवरा तिथेच माझी काठी धरून उभा होता. मी म्हटलं, हेच लिहायचं का याच्यासमोर? तो गप्प झाला, झेरॉक्सचे पैसे मात्र घेतले.

अर्ज समितीच्या बैठकीत मंजूर झाला. दिव्यांगांना आता 1,500 ऐवजी 2,500 मिळतात आणि थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. हे काम चोख झालंय, दोन तारे त्याचेच. उरलेला अर्धा त्या चष्मेवाल्या बाईंना, दुसऱ्या खेपेला त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. एसटीची 75 टक्के सवलत या सगळ्या भानगडीच्या बाहेर आहे. कंडक्टर कार्ड बघतो, नवऱ्याचा पगार विचारत नाही.

पुढच्या महिन्यापासून नवऱ्याला एका गोडाऊनवर 11,000 ची नोकरी लागतेय. परवा रात्री त्याने विचारलं, "जाऊ ना मी?" म्हटलं, जा की. हयातीच्या दाखल्यासोबत आता नवा उत्पन्नाचा दाखला जोडायचाय, म्हणजे माझं नाव परत कापलं जाणार. यूडीआयडीवर नाव तेवढं सासरचं झालंय.