एक्सव्ही६: अनेक कोअरचा कर्नल शिकायचा तर
एमआयटीचा हा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रिस्क-व्ही या प्रोसेसर रचनेवर, क्यूएमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालतो. मूळ कोडमध्ये मर्यादा ८ कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच वेळी काम करणाऱ्या भागांची. सुरुवात सोपी: शून्य क्रमांकाचा कोअर सगळी मांडामांड करतो, बाकीचे एका फ्लॅगची वाट पाहतात. खरी मजा स्पिनलॉकमध्ये: सामायिक डेटा एका वेळी एकाच कोअरला हाताळू देणारे कुलूप, ते मिळेपर्यंत बाकीचे पुन्हा पुन्हा तपासत राहतात. लॉक घेण्याआधी त्या कोअरचे इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे हार्डवेअरचे संकेत) बंद होतात. नाहीतर मध्येच आलेला टायमर हँडलर (टायमरच्या इंटरप्टवर चालणारा कोड) तोच लॉक मागेल आणि कोअर स्वतःचीच वाट पाहत बसेल. खटकते ते एकच: मोकळ्या पेजच्या (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या) यादीला एकुलता एक लॉक. कोअर वाढवले की रांग लागते. प्रत्येक कोअरला वेगळी यादी द्या. मात्र शेजाऱ्याची पेज उचलताना दोन्ही लॉक एकदम धरू नका, दोघे एकमेकांत अडकतील. बग सापडेना? एकाच कोअरवर चालवा. तिथे तो गायब झाला, तर संशय रेस कंडिशनवर, म्हणजे कोण आधी पोहोचतो यावर निकाल बदलणाऱ्या चुकीवर.