दमट हवेत जुनी घड्याळं: गोव्यात वर्षभर वापरून पाहिल्यावर

गोव्यात राहून जुनं मनगटी घड्याळ घ्यायचं असेल तर डायलवरचं नाव शेवटी वाचा. आधी घड्याळ उलटं करा. मागचं झाकण आट्यांचं आहे की नुसतं दाबून बसवलेलं? केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, पूर्ण स्टीलची आहे की पितळेवर क्रोम चढवलेली? पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढंच कोरलेलं असेल तर स्टील तेवढं त्या झाकणापुरतं समजायचं. बाकीच्या क्रोमला घामानं कधी फोड येतील आणि पट्ट्याच्या कानांशी हिरवट कळंक कधी चढेल, याची खात्री कुणी देणार नाही. पुण्यातल्या संग्राहकांचे सल्ले मी आवडीनं ऐकतो, पण त्यांच्याकडे जून महिना असा येत नाही.

संग्रह लहान आहे: एचएमटीचं जनता आणि पायलट, गल्फमधून आलेलं सीको फाइव्ह, एक फेवर ल्यूबा सी चीफ आणि एक वेस्ट एंडचं सोवार. सोवार आणि सी चीफ सोडून बाकीची वर्षभर आळीपाळीनं हातात असतात. उन्हाळा, पूर्ण पावसाळा, चतुर्थी आणि जत्रांचा हंगाम, सगळं त्यांनी पाहिलंय. रोज चोडणहून फेरीबोटीनं रायबंदर आणि तिथून स्कूटरनं पणजी असा माझा रस्ता. म्हणजे मांडवीवरचा वारा, घाम आणि आडवा पाऊस, तिन्ही एकाच तासात. कपाटात ठेवून बघण्यासाठी घड्याळं जमवणाऱ्यांना या अनुभवाचा फारसा उपयोग नाही.

जनतापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची तिथूनच होते. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरमध्ये घड्याळांचा कारखाना काढला. माझ्या जनतामध्ये ०२३१ नंबरचं मशीन आहे, सतरा ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करणारे सतरा खडे असलेलं, तासाला १८,००० ठोके देणारं. सेकंदाला पाच. सकाळी चहा उकळेपर्यंत चावी भरून होते आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत बघावं लागत नाही. दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे होतं. फेरीबोट त्याहून जास्त इकडेतिकडे होते, त्यामुळे माझी तक्रार नाही. तक्रार केसची आहे. झाकण दाबून बसणारं, चावीच्या नळीत रबराची रिंग होती की नाही हे आता कुणालाच सांगता येणार नाही. जुलैत एकदा काचेखाली सहाच्या आकड्याजवळ नखाएवढं धुकं दिसलं. ऊन लागलं की जायचं, संध्याकाळी परत यायचं.

म्हापशातल्या ज्या घड्याळजींकडे मी जातो, त्यांनी झाकण उघडून भिंगातून पाहिलं आणि मान वर न करता म्हणाले, “बाब, भितर उदक गेलां.” मग त्यांनी चावीचा दांडा चिमट्यानं बाहेर ओढून माझ्या तळहातावर ठेवला. सुईएवढा तो दांडा, आणि त्याच्या आट्यांत चहाच्या भुकटीसारखा तांबडा गंज. मशीन अजून स्वच्छ होतं. पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा चावीच्या बाजूनं, म्हणून पहिला बळी हा दांडाच जातो. तिथून गंजाचे कण पुढच्या चाकांत पडले की खर्च वाढत जातो. म्हणून धुकं दिसलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, घड्याळ उघडून घ्यायचं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा सल्ला सगळे देतात. तांदळाची पूड आत जाते आणि पाणी आहे तिथंच राहतं.

पायलटनं मात्र मला डायल बघायला शिकवलं. एचएमटीचा घड्याळविभाग बंद करायला जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. त्यानंतर भाव चढले आणि भाव चढल्यावर जोडलेली घड्याळं बाजारात आली: एकाची केस, दुसऱ्याचं मशीन, आणि डायल कालपरवा रंगवलेली. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेलं पायलट फोटोत सुरेख होतं. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरलं तेव्हा अक्षरांच्या कडा शाई फुटावी तशा पसरलेल्या, मिनिटांच्या रेषा आकड्यांच्या मध्यावर न येता किंचित सरकलेल्या, आणि तबकडीच्या कडेला एक बारीक खाच. रंगकाम करताना तबकडी सरळ बसावी म्हणून अशी खाच पाडतात, आणि ती दिसली की पुढचं काही तपासायची गरज नाही. शिवाय काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग पिवळा पडलेला आणि डायलवरचा मात्र पांढराशुभ्र. विक्रेत्यानं आधी फोन उचलला नाही, नंतर ‘रिस्टोअर केलेलं आहे’ म्हणाला. परतीची मुदत होती म्हणून पैसे मिळाले.

सध्याचं पायलट साखळी गावातल्या एका घरातून आलं. काळी डायल तपकिरीकडे झुकलेली, काच रेघांनी भरलेली. काच अ‍ॅक्रिलिकची असल्यानं पॉलिशच्या पेस्टनं घासून अर्ध्या तासात साफ झाली. डायलला मी हात लावला नाही, लावू देणारही नाही. जुन्या घड्याळात सगळं दुरुस्त होतं, पण एकदा रंगवलेली डायल पुन्हा मूळची होत नाही. चकचकीत आणि स्वस्त असं काही दिसलं तर पुढं चला.

सीको फाइव्हबद्दल मला आधी फार उत्साह नव्हता. गोव्यात ही घड्याळं घराघरांत आहेत. कुणी मस्कतला होतं, कुणी कुवेतला, कुणी बोटीवर. माझं मावशीच्या यजमानांचं, वार दाखवणाऱ्या खिडकीत अरबी अक्षरं येणारं. मशीन ७००९, तासाला २१,६०० ठोके. याला चावी भरताच येत नाही. हातात घालून हलवलं की स्वतःच भरतं, आणि दोन दिवस काढून ठेवलं की झोपतं. पाठीवरच्या क्रमांकाचा पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना, एवढं कळलं की वय काढणं सोपं, फक्त दशक आपण मशीनवरून ठरवायचं. पण मुद्दा वेगळा आहे. केस पूर्ण स्टीलची, झाकण आट्यांचं. सर्व्हिसिंगच्या वेळी झाकणाचं आणि चावीचं रबर नवीन घातलं आणि हे घड्याळ सबंध पावसाळा काचेवर एक ठिपका न येता चाललं. तरी मी त्याला मुद्दाम पाण्यात घालत नाही. ‘वॉटर रेझिस्टंट’ ही अक्षरं कारखान्यातून निघालेल्या दिवसाची आहेत.

दोन गोष्टी याच्याबाबत सांभाळाव्या लागल्या. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख-वार हातानं बदलायचे नाहीत, त्या वेळात आतली चाकं तारखेच्या चकतीत गुंतलेली असतात आणि दात तुटतो. दुसरं, मध्येच ते दिवसाला काही मिनिटं पुढं पळायला लागलं. कारण मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक. केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकानं वेटोळ्याला वेटोळं चिकटवून घेते, तिची चालती लांबी कमी होते आणि घड्याळ धावतं. घड्याळजींनी डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, धरलं, पाच मिनिटांचं काम.

सी चीफ हे या सगळ्यात देखणं. फेवर ल्यूबा स्वतःचा इतिहास १७३७ पासून सांगते. माझ्यात २५३ नंबरचं मशीन आहे, चपटं, चावीची स्प्रिंग ठेवायच्या डब्या, म्हणजे स्प्रिंग-बॅरल, एकाऐवजी दोन असलेलं. सकाळी भरलं की तिसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालतं. अशी स्विस घड्याळं गोव्यातल्या जुन्या घरांत सापडतात त्याला कारण आहे. १९६१ पूर्वी सीमेपलीकडे भारतात आयातीवर कडक बंधनं होती आणि इकडे पोर्तुगीज अमलात विलायती माल दुकानांत उघड मिळायचा. त्यातला किती माल रात्रीच्या वेळी सीमा ओलांडून गेला ते घरोघरचे आजोबा मिश्कीलपणे सांगतातच. तरीही सी चीफची शिफारस रोजच्या वापरासाठी करणार नाही. क्रोमची केस, दाबून बसणारं झाकण. ते मी डिसेंबर ते फेब्रुवारी घालतो, जत्रेला आणि लग्नांना, आणि उरलेलं वर्ष ते आराम करतं.

सोवारच्या काट्यांवर आणि आकड्यांवर जुनं खरं रेडियम आहे. अंधारात आता चमकत नाही, पण त्याचा अर्थ किरणोत्सर्ग संपला असा नव्हे. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षांचं. थकलाय तो त्यातला चमकणारा पदार्थ. बंद घड्याळ जपून ठेवायला हरकत नाही, पण घरी उघडून ब्रशनं साफ करणं किंवा डायल खरवडणं अजिबात नको, ती धूळ श्वासात जाता कामा नये. पोरांच्या हाती तर देऊच नका.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. चामड्याचे पट्टे जूनमध्ये काढून टाकले. नाहीतर आठवड्यात पांढरी बुरशी चढते आणि तिचा ओलावा केसलाही खातो. पावसात नायलॉनचे पट्टे, धुऊन वाळत घातले की झालं. घड्याळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, दाण्यांचा रंग बदलला की नवीन पुड्या. हातातून काढल्यावर मऊ फडक्यानं पाठ पुसायची. हे न करणाऱ्यानं क्वार्ट्झ घ्यावं, तेही चांगलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर घड्याळापेक्षा सर्व्हिसिंगचा हिशेब आधी मांडा. तेल वाळलेलं मशीन चालू दिसतं, पण धातूवर धातू घासत असतो, म्हणून घेतल्या घेतल्या एकदा पूर्ण खोलून साफ करून घेणं हा किमतीचाच भाग. आणि ते करणारा माणूस आधी शोधा. गोव्यातल्या बऱ्याच दुकानांत आता सेल बदलण्यापलीकडे काम होत नाही. माझ्या घड्याळजींकडे शुक्रवारी जाऊ नका, म्हापशाच्या बाजारात स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि त्यांनाही बोलायला सवड नसते. त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही. पार्ट्सही कंपनीकडून यायचे दिवस गेले, म्हणून बंद पडलेली जनता कुठं स्वस्तात दिसली की मी उचलतो आणि त्यांच्या खणात ठेवून देतो. गंजलेल्या दांड्याच्या जागी बसला तो तिथलाच.