डोळ्यात ड्रॉप की ट्यूब?

मेडिकलच्या काउंटरवर डोळ्याला टॉवेल दाबून माणूस उभा राहतो आणि विचारतो, "ड्रॉप चांगला का ट्यूब?" मी उलट विचारतो, "आधी सांगा, झालंय काय?" खरा निकाल तिथेच लागतो. टोब्रामायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिकं दोन्ही रूपांत मिळतात. औषध तेच, फरक ते डोळ्यात किती वेळ टिकतं याचा.

बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण 50 मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यात मावतं जेमतेम 30. म्हणजे पहिल्याच थेंबातलं थोडं बाहेर येतं, दुसरा तर सगळा गालालाच लागतो. मावलेलंही आसवांबरोबर काही मिनिटांत वाहून जातं. म्हणून ड्रॉप दिवसातून चार-सहा वेळा टाकायला सांगतात. पण नजर लगेच साफ होते. कामावर जाणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला दिवसा ड्रॉपच सोयीचा.

ट्यूबमधलं मलम व्हॅसलिनसारख्या चिकट बेसमध्ये असतं. ते बराच वेळ टिकतं, आणि बुबुळावर ओरखडा असेल तर पापणी घासण्याचा त्रासही कमी होतो. बदल्यात काही वेळ सगळं धूसर दिसतं आणि पापण्या चिकटतात. रात्री झोपताना त्याचं काय बिघडतं? लहान मुलांना तर मी मलमाच्याच बाजूने आहे. पोरगं रडलं की ड्रॉप आसवांबरोबर गेला. मलम तसं सहजी जात नाही. मूल झोपलं की खालची पापणी हलकेच ओढून लावता येतं.

लावायची रीत मात्र बहुतेकांची चुकते. हात धुवा, खालची पापणी खाली ओढा, वर बघा आणि त्या खोबणीत एक सेंटीमीटरची रेघ सोडा. ट्यूबचं टोक डोळ्याला, पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून बुबुळ आत फिरवायचं, चोळायचं नाही. डॉक्टरांनी दोन्ही दिलं असेल तर ड्रॉप आधी, दहा मिनिटांनी मलम. उलट केलंत तर तेलकट थरावरून ड्रॉप घरंगळून जातो.

आता ज्यात दोन्ही नकोत ते. 2023 च्या जुलैत आळंदीत आणि मग राज्यभर डोळे आले, ते विषाणूने. तिथे अँटिबायोटिकचा ड्रॉप काय नि ट्यूब काय, विषाणूवर दोन्ही फुकट. डोळ्यात चुना उडाला तर औषध शोधत बसू नका, नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा. काही टोचून आत घुसलं असेल तर धुऊही नका, मलम तर अजिबात नको. दाब येणार नाही असं कडक झाकण वरून ठेवा आणि जा.

सगळ्यात घात होतो तो उसाच्या पात्याने. पातं डोळ्यावर सपकन लागतं, दोन दिवस खुपतं, मग माणूस म्हणतो, "मागच्या वेळची ती ट्यूब द्या." ती ट्यूब बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचं, म्हणजे सूज-लाली दाबणाऱ्या औषधाचं, जोडऔषध निघते. लाली उतरते, बरं वाटतं, आणि पात्यासोबत आत गेलेली बुरशी स्टेरॉइडच्या आडोशाने वाढत राहते. हर्पीस या विषाणूने झालेल्या जखमेतही हेच. बुरशीच्या अल्सरला, म्हणजे बुबुळावरच्या जखमेला, नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे 5 टक्क्यांचे थेंब लागतात, सुरुवातीला तासातासाला, आणि तो ओळखायला डॉक्टरला बुबुळ खरवडून बघावं लागतं. काउंटरवरून ते होत नाही. मी ट्यूब देत नाही म्हणून लोक तोंड वाकडं करतात, करू देत. साधा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरून येतो. पण पाला-पाचोळ्याने झाला असेल, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल, तर पट्टी बांधून घरी बसू नका.

घरात अर्धी ट्यूब पडली असेल तर वापरण्याआधी नावाखाली 'आय' (Eye) लिहिलंय का बघा. त्याच औषधाची कातडीला लावायची ट्यूबही असते, ती डोळ्यात चालत नाही. ड्रॉपच्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने टाकत जा. महिना उलटला की बाटली कचऱ्यात.